भिवबाची अर्धी दाढी

फार फार वर्षांपूर्वी, कोसंबखेडला अजून डांबरी रस्ता यायचा होता आणि लोकांना बसायला वेळ होता, तेव्हा पिंपळाखाली भिवबा न्हाव्याचं दुकान होतं. दुकान कसलं, एक खुर्ची, एक आरसा आणि एक लांब बाक. त्याचा हात इतका हलका, की गालावर बसलेली माशीसुद्धा उठायची नाही, असं म्हणतात.

पण एका पोळ्याला, तोरणाखालून आधी कुणाचे बैल न्यायचे यावरून वरची आळी आणि खालची आळी हातघाईवर आली. बोलणं बंद झालं. वरच्या आळीचे येसाजीबाबा म्हणाले, "त्यांच्या गालाला लागलेला वस्तरा आमाला नको." खालच्या आळीच्या तुळोजीबाबांनीही तोच निरोप धाडला. भिवबानं दोन वस्तरे केले, दोन पंचे केले, आळ्यांना दिवस वाटून दिले. तरी रुसवा जाईना. माणसं बाजारगावी जाऊन दाढी करू लागली आणि बाक ओस पडला.

"समदं दोन-दोन केलंत," त्याची बायको सोनाई म्हणाली. "चूल तेवढी एकच, ती बी पेटंना. पोळा झाला की दुकान मोडा, माझ्या भावाकडं जाऊ."

भिवबाला रडू आलं. दुकान त्याच्या आज्यानं मांडलेलं होतं.

पुढच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यानं दोन्ही म्हाताऱ्यांना बोलावलं, पण एकाला दुसऱ्याचं सांगितलं नाही. येसाजीबाबांचा उजवा गाल झाला आणि भिवबा म्हणाला, "बाबा, धार गेली. जरा बाकावर बसा." तेवढ्यात तुळोजीबाबा आले. वैऱ्याचा तो अवतार बघून त्यांना इतका आनंद झाला, की ते ऐटीत खुर्चीत बसले. त्यांचा डावा गाल झाला आणि दुसऱ्या वस्तऱ्याचीही धार गेली.

अर्ध्या दाढीनं गावातून जायचं कसं? दोघं बाकाच्या दोन टोकांना बसले. भिवबा चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा घाशीत राहिला. त्याचं काम होईपर्यंत सूर्य पिंपळाच्या शेंड्यावर थांबून राहिला, असं म्हणतात.

शेवटी तुळोजीबाबांची नजर आरशात गेली. "येसाजी," ते म्हणाले, "आपुन दोघं मिळून एक मानूस झालोय बघ."

दोघं असे हसले, की पिंपळावरचे पोपट उडाले ते बाजारगावी जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी तोरणाखालून बैल जोडीनं गेले, एक वरच्या आळीचा, एक खालच्या आळीचा. त्यानंतर भिवबाचा बाक कधी रिकामा राहिला नाही. माणसं नुसती गप्पांना येत आणि आलोच आहोत तर म्हणून खुर्चीत बसत. सोनाईनं दुसरी चूल मांडली.

किती छान दिवस असतील ते! आता गावात गोल फिरणाऱ्या खुर्च्यांची दुकानं झाली. वस्तऱ्यात नवं पातं बसवतात, त्याला धार लावावी लागत नाही. पण न बोलणारी दोन माणसं एकाच वेळी आली, की आमचा न्हावी अजूनही अर्ध्यावर हात थांबवतो आणि म्हणतो, "भिवबाची धार गेली." आणि अर्ध्या दाढीचा माणूस मुकाट्यानं उठून बाकावर जाऊन बसतो.