मेखेच्या जागी ठकाई

फार वर्षांपूर्वी, वारजाईच्या पठारावर ना देऊळ होतं ना वाट, तेव्हापासून तिथं धनगरांचा तळ पडायचा. घोंगड्यांची पालं उभी राहायची, आणि पालं राहायची दोरीच्या जिवावर.

त्या तळावर ठकाई नावाची विधवा होती. ती घायपाताच्या वाखाची दोरी वळायची. दोरी करंगळीहून बारीक, पण पीळ असा की पाणी आत शिरायचं नाही. वळून झाली की ती कड्यावरच्या उंबराला बांधायची आणि स्वतः तिला धरून दरीवर लोंबकळायची. जी दोरी कुरकुरली, ती चुलीत जायची. असं म्हणतात, तिच्या दोरीनं हत्तीही बांधता आला असता. पण हत्ती कुणी आणला नाही.

तळाचा म्होरक्या म्हाळू याचा भरवसा अंबाडीच्या जाड दोरावर. तो म्हणायचा, "ठकाक्का, ही परकराला घाल. पालाला दोर लागतो."

ठकाई वर न बघता म्हणायची, "जाड दोर पाणी पितो, म्हाळूदा. फुगला की गाठ सोडत न्हाई."

बाकीचे निरगाठ मारत. ठकाई सुरगाठ मारायची. ताण येईल तशी आवळणारी, शेपूट ओढलं की सुटणारी. सुटते ती कसली गाठ, असं लोक म्हणत.

एका वर्षी म्हाळूची लेक कोंडाई तळावरच बाळंत झाली. बाळाची पाचवीही झाली नव्हती, तोच भरदुपारी आभाळ फाटलं. वारा पश्चिमेचा होता, म्हणून पालांची तोंडं पूर्वेला होती. एकाएकी वारा उलटला आणि थेट पालांच्या तोंडात शिरला. पालं फिरवायला हवी होती, पण भिजल्या गाठी सुटेनात. माणसांनी त्या दातांनी ओढल्या. शेवटी कोयत्यानं दोर तोडले, तर तुकडे मेखांपर्यंत पुरेनात. एकेक पाल उडून दरीत गेलं.

ठकाईनं शेपटं ओढली, पाल फिरवलं, पुन्हा बांधलं. म्हाळू बाळासकट लेकीला उचलून ठकाईच्या दाराशी उभा राहिला. ठकाई म्हणाली, "आत घाल तिला. समद्यांनाच हाक मार."

सगळा तळ त्या एका पालाखाली शिरला. तेवढ्यात वाऱ्याकडची मेख उखडली. दोरी तुटली नव्हती, भिजलेली मातीच सुटली होती. ठकाई बाहेर गेली, दोरी कमरेला गुंडाळून सुरगाठ मारली आणि मेखेच्या जागी बसली. म्हाळू दोरी घ्यायला धावला.

"हात बदलला तर ढिली पडंल," ती म्हणाली. "तू लेकरावर वाकून बस, जा."

वादळ निवलं तेव्हा बाळ दूध पीत होतं. दोरी अजून ताठ होती. पण टोकाला ठकाई नव्हती. बसल्या बाईएवढा एक काळा दगड होता आणि दोरी त्याच्या कमरेत रुतली होती. असं म्हणतात, म्हाळूनं शेपूट ओढलं तशी गाठ सुटली. दगड मात्र उठला नाही.

आजही त्या पठारावर कुणी उतरलं की वाऱ्याकडची मेख ठोकण्याआधी घरातलं वडीलधारं माणूस ती दोरी कमरेला घेऊन खाली बसतं, आणि दगडाकडे बघून म्हणतं, "ठकाई, आम्ही धरलंय. तू ऊठ."