सात नंबरची बाटली

"…मग जड सामान कुठं ठेवायचं, बाबा? तळाशी, मधे की वर?"

धावजीबाबा चूल पेटवत होते. घाटमाथ्यावरच्या देवीच्या गुहेत ते चाळीस वर्षं राहत होते. पिठाचं पोतं असो की तेलाचा डबा, खालच्या गावातून पाठीवर घेऊन कडा चढत. एकदाही पाय घसरला नाही, असं गावकरी सांगत.

शार्दूलनं आपली सॅक पुढं ओढली. प्रश्न विचारायला आला होता खरा, पण उत्तर पाठ करूनच आला होता. पोरांना ट्रेकला नेणारा नावाजलेला लीडर तो. त्याच्यासारखी सॅक भरणारा दुसरा नाही, असं लोक म्हणायचे. तोही म्हणायचा.

"मीच सांगतो," तो म्हणाला. "हलकं तळाशी. जड मधे, पाठीला घट्ट चिकटवून. म्हणजे ओझं मागं ओढत नाही. डावं-उजवं सारखं. आणि माथ्यावर पोचेपर्यंत सॅक उघडायची नाही. एकदा उघडली की सगळी बांधणी बिघडते. बरोबर ना?"

बाबा चुलीतलं लाकूड आत सारत राहिले.

"बरोबर ना, बाबा?"

गेल्या चैत्रात याच कड्यावर त्याच्या गटातली ऋजुता उन्हानं कोसळली होती. वय एकवीस. बाबांनीच तिला पाठीवर घालून खाली आणलं. गावात पोचेपर्यंत ती गेली होती. तेव्हापासून शार्दूलला एकच गोष्ट कुणाकडून तरी ऐकायची होती… की बांधणीत चूक नव्हती.

"भरून दाखव," बाबा म्हणाले.

शार्दूलनं सॅक रिकामी केली आणि पुन्हा भरली. तळाशी स्लीपिंग बॅग. तिच्यावर पाण्याची मोठी बाटली, पाठीच्या बाजूला, टॉवेलात गुंडाळून. भोवती डबे, कपडे. वर दोरी, दोरीवर झाकण, झाकणावर दोन पट्टे. सॅक जमिनीवर उभी करून त्यानं हात सोडला. ती जराही कलली नाही.

"ब्येस," बाबा म्हणाले. "आता पाणी दे."

"अं?"

"तहान लागलीया. पाणी दे."

पट्टे सोडले. झाकण उघडलं. दोरी काढली… कपडे काढले… एक डबा आडवा अडकला होता, तो ओढता ओढता शार्दूल मधेच थांबला. का, ते त्याला कळत होतं. ते कळायला नको होतं.

"देतो, देतो… एक मिनिट."

बाबा थांबले नाहीत. उठले, देवीमागच्या कोनाड्यातून एक बाटली काढली आणि आणून त्याच्यापुढं ठेवली. निळी, दोन लिटरची. तिच्यावर काळ्या शाईत लिहिलं होतं : '७ – ऋजुता'.

"अक्षर कुणाचं?"

अक्षर शार्दूलचंच होतं. त्या सकाळी बाराही सॅक त्यानं स्वतः भरल्या होत्या. बाटल्यांवर नंबर टाकले होते. दुसऱ्या कुणाला हातसुद्धा लावू दिला नव्हता.

त्यानं बाटली उचलली. ती जवळजवळ भरलेली होती.

"ही… कुठं मिळाली?"

"तिच्या पाठीवर. तिला उचलायच्या आधी सॅक उपसली मी. पार आत हात घातला तवा लागली. दोन घोट तोंडात सोडले. गालावरनं खाली आले. मग झाकण लावलं आन पोरीला उचललं. बाटली माझ्यापाशीच ऱ्हायली."

शार्दूलनं बाटली खाली ठेवली.

नंतर ऋजुताच्या सॅकमध्ये बाटली सापडली नाही, तेव्हा त्यानं ठरवूनच टाकलं होतं, की हिनं पाणी संपवलं आणि बाटली फेकली. पोलिसांना तेच सांगितलं. तिच्या आईलाही तेच : "पाणी तिनं आधीच संपवलं होतं, काकू. मला बोललीच नाही." त्या बाईनं मान हलवली होती. पहिल्यापासून धांदरटच होती रे पोर, असं म्हणत मेलेल्या लेकीलाच बोल लावला होता. वर्षभर लावत होती. आणि शार्दूल दर महिन्याला जाऊन, समोर बसून ते ऐकत होता.

"तुम्ही कुणाला सांगितलं का नाही?"

"सांगायचं माझं न्हवतं."

"पण तिनं तरी…" त्याला रडू फुटलं. "तिनं तरी मागायचं होतं! सॅक उघडते म्हणायचं होतं एकदा…"

"म्हणली आसंल." बाबांनी त्याच्याकडं पाहिलं. "तू किती पुढं व्हतास?"

…

शार्दूल माथ्यावर होता. इथंच, गुहेच्या पायरीवर बसून, कोण किती वेळात पोचतंय ते घड्याळात बघत होता.

चुलीतलं लाकूड विझत आलं. मग शार्दूलनं डोळे पुसले आणि पसरलेलं सामान गोळा करायला लागला. तळाशी स्लीपिंग बॅग. निळी बाटली त्यानं टॉवेलात गुंडाळली आणि सवयीनं मधे, पाठीच्या बाजूला सारली.

बाबांनी त्याचं मनगट धरलं.

"वर ठिव."

"वर ठेवली तर सॅक मागं ओढते, बाबा. अख्खा घाट उतरायचाय."

बाबांनी बाटली बाहेर काढली, टॉवेल सोडला आणि ती त्याच्या हातात दिली.

"वढू दे. तिच्या आयच्या दारात उपसत बसू नको."