बाबांचं श्रवणयंत्र

"म्हणजे त्या दिवशी मी जे बोललो, त्यातलं तुम्हाला काहीच ऐकू आलं नव्हतं?"

अच्युतबाबांनी हसून मान हलवली. नाही.

यदुनाथ मठाच्या ओसरीवर त्यांच्यासमोर बसला. बाबांच्या कानातलं ते चिमुकलं श्रवणयंत्र त्यानेच आपल्या कारखान्यात बनवलं होतं. जुनी यंत्रं वाटी पडली तरी ढोल बडवल्यासारखी कानात घुमायची. हे यंत्र पाठीमागची कुजबुजही स्वच्छ ऐकवतं, असं तो मठात आल्यापासून भेटेल त्याला सांगत सुटला होता.

बाबांचे कान म्हातारपणी गेले, अशी त्याची समजूत होती. पण यंत्र बसवताच बाबा म्हणाले होते, "अरे, तुझा आवाज असा आहे होय?"

भावाला कोर्टात खेचायला निघालेला तरुण यदुनाथ एकदा याच ओसरीवर दुपारभर बोलत बसला होता. बाबांनी चकार शब्द काढला नव्हता. तरी उठताना त्याच्या मनातलं विष उतरलं होतं आणि तो थेट भावाच्या घरी जेवायला गेला होता. आपलं म्हणणं कुणीतरी ऐकून घेतलं, असं त्याला त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा वाटलं होतं.

"मग तुम्ही करत काय होता?"

"तुझ्याकडे बघत होतो."

यदुनाथला फसवल्यासारखं वाटलं. पण रुसून बसायला वेळ नव्हता. त्याची लेक शाल्मली सोमवारी नोकरीसाठी परदेशी चालली होती, आणि महिनाभर ती त्याच्याशी बोलत नव्हती. पप्पा माझं ऐकत नाहीत, एवढंच तिचं म्हणणं. ती अशीच निघून जाईल या भीतीने त्याची झोप उडाली होती.

तो सांगू लागला. बाबांनी तांदळाचं ताट पुढ्यात ओढलं आणि खडे निवडायला घेतले.

लेकीचा आरोप किती खोटा आहे, हे यदुनाथने पुराव्यानिशी मांडलं. ती बोलत होती तेव्हा तो लॅपटॉपवर काम करत होता, हे खरं. पण मी काय म्हणाले ते सांगा, असं तिने विचारताच त्याने तिचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं होतं.

"मी एक शब्द चुकलो नाही, बाबा. तरी ती उठून गेली."

बाबांनी एक खडा उजेडात धरून पाहिला.

"बाबा... ऐकताय ना?"

"'मी एक शब्द चुकलो नाही, बाबा. तरी ती उठून गेली,'" बाबा मान वर न करता म्हणाले.

यदुनाथने रागाने तोंड उघडलं... आणि तसंच मिटलं.

त्या दिवशीचा शाल्मलीचा चेहरा त्याने आठवून पाहिला. ती चिडलेली होती की रडवेली, त्याला काही केल्या आठवेना. आठवत होतं ते फक्त वाक्य. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

मग बाबांनी कानातलं यंत्र काढून डबीत ठेवलं. ताट बाजूला सारलं. गुडघ्याला गुडघा लागेल इतके ते पुढे सरकले, आणि यदुनाथच्या चेहऱ्यावर नजर लावून म्हणाले,

"हं... आता सांग."