पहिला खडा मुंग्यांचा

फार मागची गोष्ट. तेव्हा मुंग्या माणसांशी बोलत, आणि माणसं खाली वाकून त्यांचं ऐकत. लहानांनी ऐकावी अशी ही गोष्ट आहे. मोठ्यांनी तर ऐकावीच.

नदीकाठी एक गाव होतं. गावाभोवती सगळा ऊस. वाटसरूला आधी उकळत्या रसाचा वास यायचा आणि मग गाव दिसायचं. त्या गावात दोन भाऊ राहत होते. आईबाप लवकर गेले, म्हणून थोरल्यानेच धाकट्याला वाढवलं. एका हाताने त्याला कडेवर धरायचं आणि दुसऱ्या हाताने काहिलीतला, म्हणजे गुऱ्हाळातल्या मोठ्या कढईतला, रस ढवळायचा, अशी त्याने कितीतरी वर्षं काढली. स्वतःच्या लग्नाचं त्याच्या मनातच आलं नाही.

थोरला गावचा गुळव्या होता. उसाचा रस किती आटवायचा आणि काहील चुलवणावरून कधी उतरवायची, हे गुळव्या ठरवतो. त्याच्या हातच्या गुळाला दूरदूरहून गाड्या येत.

धाकटा तापट होता. त्याचा हात आधी चालायचा आणि डोकं नंतर. पण दादावर त्याचा फार जीव होता.

थोरल्याची एक सवय होती. रोज सकाळी जाळ घालण्याआधी तो चुलवणाभोवतीची जमीन हलक्या हाताने झाडायचा, म्हणजे मुंग्या बाजूला होत. मग जवळच्या वारुळापाशी चिमूटभर गूळ ठेवायचा.

"दादा, मुंग्यांना कसला पाहुणचार?" धाकटा हसायचा.

"त्यांच्या दाराशी जाळ घालतो आपण. त्यांचं तोंड गोड करायला नको?"

गावाची एक रीत होती. गुऱ्हाळावर जो येईल त्याला लिंबाएवढा गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी द्यायचं. पण पाहुणा आधी खात नसे. आधी गुळव्या तेवढाच खडा तोंडात टाकायचा, मग पाहुणा. कोणे एके काळी कुणीतरी गुळात विष कालवलं होतं म्हणे, तेव्हापासून ही रीत पडली. गुळव्याने खडा नाकारला, तर गुळात खोट आहे असं समजून गाड्या रिकाम्या परत जात.

आणि थोरला असा, की आल्यागेल्याला हाक मारून बोलवायचा. जितके पाहुणे तितके खडे. कधी त्याने लहानसा तुकडा उचलला, तर गाडीवान डोळे मिचकावायचे.

"काय गुळवे, आज खडा बारीक? आमच्यासाठी वेगळं काही कालवलंय वाटतं!"

सगळे हसायचे. थोरलाही हसायचा आणि मोठा खडा उचलायचा.

असं होता होता थोरला सुकायला लागला. खायचा भरपूर, पण अंगाला लागायचं नाही. तहान तर अशी, की माठ पुरायचा नाही. दुपारीच थकून बसायचा. गावातल्या लोकांना एकच औषध ठाऊक होतं. ते म्हणाले, "अशक्तपणा आहे. गोड दे त्याला. गोडाने ताकद येते."

धाकट्याने मनापासून दिलं. तहान लागली की उसाचा रस, थकवा आला की गूळ, जेवणात भाकरीवर वाटीभर काकवी. दादा नको म्हणाला की तो गळ्याची शपथ घालायचा. दादाने त्याला भरवून मोठं केलं होतं, आता तो दादाला भरवत होता. जितकं भरवलं तितका दादा सुकला, आणि जितका सुकला तितकं त्याने जास्त भरवलं.

त्याच दिवसांत घराच्या मोरीकडे मुंग्यांची रांग लागली. धाकट्याने उकळतं पाणी उचललं.

"ए, थांब," थोरला म्हणाला. "तुझं काय खाल्लं त्यांनी?"

"मोरीत काय ठेवलंय यांना? तिकडे गुऱ्हाळात एवढा गूळ सांडतो, तिथे जाऊ दे की!"

बोलणं खरं होतं. त्यावर जरा थांबून विचार केला असता, तर पुढचं बरंच टळलं असतं. पण विचार कुणीच केला नाही.

मग एक दिवस उसाचा तुटका बुडखा थोरल्याच्या तळपायात घुसला. असले बुडखे त्या गावात रोज कुणाच्या ना कुणाच्या पायात घुसत आणि चार दिवसांत बरे होत. ही जखम बरी होईना. हळद झाली, पाला झाला, नवसही झाले. पाय काळवंडायला लागला. म्हातारी माणसं हळू आवाजात म्हणू लागली, "पाय जाईल. पायामागे माणूसही जाईल."

एका सकाळी धाकट्याने पाहिलं, तर दादाच्या पायाच्या पट्टीवर मुंग्या चढल्या होत्या. त्याचं डोकं फिरलं. ज्यांना दादा रोज गूळ घालतो, त्या त्याच्याच जखमेवर! त्याने चुलवणातून चिपाडांचा पेटता चूड ओढला आणि वारुळाकडे धावला.

वारुळाच्या तोंडाशी एक म्हातारी मुंगी बसली होती. ती हलली नाही.

"जाळायचं तर जाळ, पोरा," ती म्हणाली. "पण आधी ऐक. पळून गेले असते तर हे सांगायला कोण उरलं असतं?"

"तुम्ही माझ्या भावाला खाताय!"

"आम्ही सांगतोय. तुझ्या भावाने आमच्या घराला कधी आच लागू दिली नाही, म्हणून किती दिवसांपासून सांगतोय. मोरीत रांग लावून सांगितलं. तू वाकून न ऐकता उकळतं पाणी आणलंस."

धाकट्याचा हात खाली आला.

"आमचं नाक गोडावर चालतं," मुंगी म्हणाली. "गुऱ्हाळातली सांडलेली काकवी सोडून आम्ही तुमच्या मोरीत का येतो? भांडं भरलं की उतू जातं. तुझ्या भावाच्या अंगात आता गोड मावत नाही. ते त्याच्या लघवीतून बाहेर पडतं, त्याच्या जखमेतून झिरपतं. आणि तरी कुणीतरी ओततंच आहे. कोण ओततं रे?"

धाकट्याने चूड मातीत खुपसून विझवला. मग तिथेच बसून लहान पोरासारखा रडला.

"रडून झालं की सांग," मुंगी म्हणाली.

"काय करू मी?"

"तहान लागली की त्याला पाणी दे. भूक लागली की जेवण दे. पाण्याच्या आणि जेवणाच्या पाटावर गोडाला बसवू नकोस. आणि आमच्याकडे बघ. गोडाचं वेड आमच्याइतकं कुणाला आहे? पण आम्ही एकेक कण उचलतो आणि तो घेऊन दिवसभर चालतो. तुझा भाऊ अख्खा खडा खातो आणि काहिलीपाशी उभा राहतो."

धाकटा घरी आला आणि मुंगीचं सगळं बोलणं त्याने दादाला सांगितलं. काकवीचं मडकं उचलून त्याने शेजारच्या भरल्या घरात देऊन टाकलं, जिथे खाणारी तोंडं दहा होती आणि प्रत्येकाच्या वाट्याला बोटभरच येणार होती. माठ ताज्या पाण्याने भरला. त्या दिवसापासून ताटात ज्वारीची भाकरी, मुगाचं नाहीतर हुलग्याचं कालवण, ढीगभर पालेभाजी आणि वाटीभर ताक आलं. दिवस मावळायच्या आत जेवण, आणि जेवण झाल्यावर दादाच्या काखेत हात घालून अंगणात हळूहळू फेऱ्या. पाय टेकवत नव्हता, म्हणून धाकटा त्याला अर्धा उचलूनच चालवायचा.

"शेपू?" थोरल्याने ताटाकडे बघून विचारलं. "माझ्यावर कसला राग आहे तुझा?"

"खा, दादा."

"काल शेपू, आज शेपू. उद्या?"

"उद्या मेथी."

"देव आहे म्हणायचा."

सवय अशी सहज जाते थोडीच. एकदा धाकट्याने त्याला काहिलीच्या काठावरून बोट फिरवताना पकडलं.

"दादा!"

"अरे, गूळ कसा झालाय ते बघत होतो."

"काहील काल धुतलीय."

दोघेही इतके हसले की बैल दचकले.

पण घरात सांभाळलेलं सगळं गुऱ्हाळात सांडत होतं. रीत होती ना! थोरला पाय ओढत यायचा, चुलवणाशेजारी बसायचा, आणि प्रत्येक पाहुण्याबरोबर खडा खायचा. धाकट्याने विनवलं, तर तो म्हणायचा, "मी नाही खाल्लं तर गाव बसेल. माझ्या एका पायासाठी सगळ्या गावाच्या गाड्या रिकाम्या पाठवू?"

मग राजाच्या कोठाराच्या गाड्या आल्या. वर्षाची मोठी खरेदी त्याच दिवशी व्हायची. सगळं गाव गुऱ्हाळावर जमलं. नवी ढेप फोडली. गाडीवानांचा म्होरक्या पुढे आला. थोरल्याने खडा उचलून तोंडाशी नेला.

धाकट्याने त्याच्या हातावर फटका मारला. खडा उडून धुळीत पडला.

एकदम कालवा उठला.

"अन्नाला हात मारला याने!"

"मोठ्या भावावर हात उचलला!"

म्होरक्या मागे सरकला. "गुळव्याला गूळ खाऊ देत नाहीत? म्हणजे काहीतरी आहे खास. गाड्या वळवा रे!"

"गुळात काही नाही!" धाकटा ओरडला. "गूळ चांगला आहे. म्हणूनच तुम्ही सगळे त्याला रोज मारताय! मीही मारत होतो. बघा त्याचा पाय! तुम्हाला खात्री पाहिजे तर मी खातो, त्याच्या जागी मी रोज खातो!"

त्याने मूठभर गूळ उचलला. आता थोरल्याने त्याचं मनगट धरलं. इतक्या दिवसांत त्याच्या हातात एवढी ताकद कुणी पाहिली नव्हती.

"वेड्या," तो हळूच म्हणाला, "म्हणजे दहा वर्षांनी मुंग्या तुझ्या मोरीत येतील. तुला त्यासाठी वाढवला का मी?"

मग त्याने धुळीकडे बोट केलं. "तिकडे बघा."

धुळीत पडलेल्या खड्यावर मुंग्या चढल्या होत्या. सगळ्यांत पुढे ती म्हातारी मुंगी होती. सगळं वारूळ तिच्यामागून येत होतं. बघता बघता खडा काळा झाला.

"म्होरके," थोरला म्हणाला, "ज्या गुळात खोट असेल त्याला मुंगी तोंड लावेल का? माझी जीभ गोडाने कधीच बधिर झालीय. तिच्यापेक्षा यांची साक्ष चांगली. पहिला खडा आजपासून मुंग्यांचा."

म्होरक्या उकिडवा बसून बराच वेळ बघत राहिला. एकही मुंगी दगावली नाही. मग तो उठला आणि पगडी सारखी करत म्हणाला, "खरं सांगू का गुळवे? दर गुऱ्हाळावर एवढाले खडे खाऊन मलाही संध्याकाळपर्यंत मळमळतं. आम्हालाही लहानच द्या."

त्यावर असा हशा पिकला की कुणाचा राग उरला नाही. गाड्या भरल्या गेल्या. त्या दिवसापासून त्या गावात पाहुण्याला मूठभर फुटाणे, तांब्याभर पाणी आणि चिंचोक्याएवढा गूळ मिळू लागला. लोक तो जिभेवर ठेवून हळूहळू विरघळू देऊ लागले, आणि गावचा गूळ इतका चवदार आहे हे कित्येकांना तेव्हाच पहिल्यांदा कळलं.

थोरल्याची जखम सावकाश भरली. फार सावकाश. आधी मोरीतली रांग विरळ झाली, मग एक दिवस दिसेनाशी झाली. पट्टीवरच्या मुंग्या गेल्या. पाय राहिला. त्या पायाने तो नदीपर्यंत जाऊन येऊ लागला. धाकट्याच्या वरातीत पुढे चालला आणि नको तेवढा नाचला. पुढे पुतणीला खांद्यावर घेऊन तिला उसाची शेतं दाखवत फिरला.

पण दुखणं फार आधीपासून आत मुरलेलं होतं. काही हंगाम गेले आणि एका थंडीत थोरला शांतपणे गेला.

दुसऱ्या दिवशी धाकटा गुऱ्हाळाकडे गेला, तो सगळं मोडून टाकायच्या इराद्याने. काहील उलथायची, चुलवण पाडायचं, ऊस पेटवायचा. काहिलीला हात घालणार तेवढ्यात त्याची नजर खाली गेली. रोजच्या जागी मुंग्या येऊन थांबल्या होत्या. जमीन अजून कुणी झाडली नव्हती.

तो थांबला. केरसुणी घेऊन त्याने जमीन हलक्या हाताने झाडली. चिमूटभर गूळ वारुळापाशी ठेवला आणि तिथेच गुडघ्यांवर बसला.

"तुम्ही सांगितलं नसतंत," तो म्हणाला, "तर माझ्या लग्नात दादा नसता. माझ्या पोरीला काका कसा असतो ते कळलं नसतं. इतके दिवस मिळाले. मला आणखी पाहिजे होते. पण मिळाले ते तुमच्यामुळे."

म्हातारी मुंगी आता राहिली नव्हती. तिच्या जागी दुसरी पुढे आली. "आम्ही फक्त रांग लावली," ती म्हणाली. "भाकरी तू थापलीस. चालवलंस तू." तिने एक कण उचलला, आणि तो घेऊन ती चालू लागली.

धाकट्याने डोळे पुसले आणि चुलवण पेटवलं. त्या दिवशीची पहिली ढेप फुटली तेव्हा दादाची पुतणी खडा घेऊन धावली, आणि वाटेत बोटसुद्धा न चाटता तिने तो वारुळापाशी नेऊन ठेवला. ती गुळव्याच्या घरची होती. तिला ते शिकवावं लागलं नाही.

बोध एवढाच: ज्याच्यावर आपला जीव आहे, त्याला आवडेल तेवढं नाही, मानवेल तेवढं वाढावं.