काजळाचे अंगठे

"शिपायाला एवढा पगार? उद्या माझ्या मांडीला मांडी लावून बसेल तो," कारभारी राघोपंत चावडीवर राजासमोर तावातावानं म्हणाले.

"बसू दे की. जागा पुष्कळ आहे," भागूआत्या म्हणाली.

त्या संस्थानातली रीत अशी, की पहारेकऱ्यांचा पगार वाढवायचा तर रयतेनं कापडावर काजळाचे अंगठे उमटवून राजाकडे मागायचं; जितके अंगठे जास्त, तितकी वाढ जास्त. पहारेकरी दौलत नाईकानं चोरांच्या हातून गावाची गुरं सोडवली होती, त्यात त्याचा पाय कायमचा अधू झाला. त्याच्यासाठी आत्यानं कापड घरोघर फिरवलं, आणि त्यावर बोट ठेवायला जागा उरली नाही.

पंतांना तेच सलत होतं. नाईक लंगडत आला की लोक ओट्यावरून आपणहून उठत. पंतांपुढे मात्र चोपदारानं काठी आपटल्यावरच उठत. नुसती जळफळ, दुसरं काय!

"महाराज, या मागण्यांना मर्यादा घाला," पंत राजाकडे वळले. "अंगठे कितीही पडोत, वाढ एका रुपयाच्या वर नको. लोकांचं काय, ते कुणासाठीही अंगठे देतात."

राजा मान डोलवू लागला. बाजूला उभ्या नाईकानं नजर खाली वळवली. आत्यानं पदर कमरेला खोचला आणि एक कोरं कापड न् काजळाची डबी पंतांपुढे सरकवली.

"लोक कुणासाठीही अंगठे देतात म्हणता ना पंत, मग हे कापड तुमच्या पगारवाढीसाठी गावात फिरवा, आणि ते भरेल त्या दिवसापासून तुमची मर्यादा लागू करा."