अदृश्य पूल आणि चांदीचा झोपाळा

एका राज्यात बोलणारे पक्षी होते, चालते डोंगर होते आणि तीन मंत्री होते. पक्षी खरे बोलत, डोंगर हळू चालत, मंत्री गोड बोलत. राजाचे नाव मकरंदसेन. त्याच्या वाड्याच्या पायथ्याशी शीतला नदी वाहे आणि पैलतीरावरच्या टेकडीवर करवंदवाडी नावाचे गाव होते.

त्या राज्याची एक रीत होती. प्रत्येक गावाने आपला एक पृच्छक निवडून राजसभेत धाडायचा. पृच्छकाने उभे राहून मंत्र्यांना प्रश्न विचारायचे. तो उभा असेपर्यंत सभेचे दरवाजे बंद, आणि मंत्र्याने उत्तर देत राहायचे. तो आसनावर बसला, की उत्तर मान्य झाले. पण आसने मऊ होती, शेजारी विड्यांचे तबक असे, आणि मंत्र्याने हात जोडल्यावर उभे राहणे असभ्य मानीत. म्हणून सगळे पृच्छक लगेच बसत.

करवंदवाडीची पृच्छक होती तुळसा. शीतलेवर पूल बांधायला खजिन्यातून तीनदा द्रव्य निघाले होते, पूल मात्र कुणी पाहिला नव्हता. हेच विचारायला ती निघाली. आभाळ कोरडे होते, पाणी गुडघ्याएवढे होते. तुळसा नदीच्या मध्यावर पोचली आणि पाऊस नसताना पाणी चढले. तुळसा गेली.

तिचा धाकटा भाऊ हैबती. शाळेत जेमतेम गेलेला, डोक्याने तापट. पृच्छक वारला तर वर्षअखेरपर्यंत त्याचे आसन घरच्यांकडे राही. सुतक फिटले त्या सकाळी हैबतीने पायात वहाणा घातल्या.

आई म्हणाली, "नीट बोल रे तिथे."

"मी बोलायला नाही जात, आई. भांडायला जातोय."

तो चालत्या डोंगराच्या पाठीवर बसला आणि वळसा घालून नदीपार आला. डोंगर हळू चालतो म्हणून त्याने वाटेत त्याला लाथाही मारल्या. डोंगराने मनावर घेतले नाही.

सभेच्या दाराशी एक साळुंकी बसली होती. "कुणाकडचा रे तू?"

"करवंदवाडीचा. तुळसाचा भाऊ."

साळुंकीने मान खाली घातली. "मग ऐक. या सभेला मायाधर जादूगाराचा शाप आहे. इथे कुणी खोटे बोलले की शीतलेचे पाणी चढते. त्या दिवशी वास्तुमंत्री म्हणाले होते, पूल पूर्ण झाला."

हैबतीने विचारले, "हे कुणाला सांगितलं नाहीस?"

"रोज सांगते. लोक म्हणतात, किती गोड बोलते ही! आणि डाळिंबाचे दाणे देतात."

"शाप सुटेल कसा?"

"राजा खरे बोलेल तेव्हा. पण त्याला अजून कुणी काही विचारलेच नाही."

हैबती आत गेला. राजा चांदीच्या झोपाळ्यावर झुलत होता. चोपदार म्हणाला, "करवंदवाडीच्या पृच्छकांनी आसन ग्रहण करावे."

आसनावर तुळसाची जुनी घोंगडी तशीच घडी करून ठेवलेली होती. हैबती म्हणाला, "ते अक्काचं आहे. मी नाही बसणार." आणि तो उभाच राहिला. दरवाजे बंद झाले.

त्याने न्यायमंत्र्यांकडे बोट केले. "माझी बहीण बुडाली. दोष कुणाचा?"

"चौकशी कसून चालू आहे. आपण बसावे."

बाहेर पायऱ्यांवर पाणी वाजले.

"कोण करतंय चौकशी?"

"विद्वानांची एक निःपक्षपाती समिती."

पाणी उंबरा ओलांडून आत आले. हैबतीने विचारले, "त्या समितीत आहे कोण कोण?"

न्यायमंत्र्यांनी पाय वर घेतले. "मी, वास्तुमंत्री आणि कोशमंत्री."

पाणी थांबले.

मग हैबती वास्तुमंत्र्यांकडे वळला. "पूल कुठाय?"

"पूल आहे," वास्तुमंत्री प्रसन्न हसले. "मायावी कारागिरीचा आहे, म्हणून अदृश्य आहे. त्यावर पाऊल टाकायला श्रद्धा लागते. आपल्या भगिनीची कमी पडली असावी."

पाणी गुडघ्याला लागले. हैबतीचे कान लाल झाले. त्याने झेप घेतली, वास्तुमंत्र्यांचे उपरणे धरले आणि त्यांना नदीकडच्या सज्ज्यात ओढत नेले. "चला, दोघं जाऊ. श्रद्धा तुमची जास्त, तुम्ही पुढं व्हा."

खाली शीतला फेसाळत होती. वास्तुमंत्र्यांनी एकदाच खाली पाहिले आणि कठडा घट्ट धरला. "पूल नाही! कधीच नव्हता!"

पाणी वीतभर उतरले.

कोशमंत्री तोवर धोतर सावरून चौरंगावर चढले होते. हैबतीने विचारले, "पुलाचं द्रव्य गेलं कुठं?"

"लोकहितार्थ विविध कार्यांत..."

पाणी कमरेला आले. विड्यांचे तबक तरंगत निघाले. पारूबाई नावाची म्हातारी पृच्छक ओरडली, "अहो, खरं बोला की एकदाचं! नवं लुगडं आहे माझं!"

कोशमंत्र्यांनी डोळे मिटले. "महाराज, क्षमा असावी. आपण ज्यावर बसला आहात, तोच तो पूल."

झोपाळा थांबला. पाणी घोट्यापर्यंत उतरले. राजा कड्यांकडे, साखळ्यांकडे, चांदीच्या मोरांकडे पाहत राहिला. मग घसा साफ करून म्हणाला, "आम्हाला याची काहीच कल्पना नव्हती."

पाणी छातीला लागले.

सगळी सभा राजाकडे पाहू लागली. चोपदार घाईघाईने म्हणाला, "तिन्ही मंत्र्यांना विचारून झाले! पृच्छकांनी बसावे!"

"मी बसलोय का?" हैबती म्हणाला. तो पाण्यातून झोपाळ्यापाशी गेला. त्याचा आवाज आता चढलेला नव्हता. "महाराज, माझी अक्का फार चांगली होती हो. तिला यायचं होतं इथवर, तुम्हाला भेटायला. खरंच कल्पना नव्हती तुम्हाला?"

राजाने पाण्याकडे पाहिले. ते आसनावर बसलेल्या पारूबाईंच्या हनुवटीला टेकले होते. मग तो बोलला.

"झोपाळा आला त्याच दिवशी मनात आले होते, एवढी चांदी कुठून? विचारले नाही. विचारले असते तर परत द्यावा लागला असता. आणि तो फार छान झुलतो."

शीतला मोठा निःश्वास टाकून मागे गेली. कोशमंत्र्यांच्या पगडीत एक मासा तेवढा राहिला.

राजा झोपाळ्यावरून उतरून ओल्या फरशीवर उभा राहिला. त्याने तिघांची मंत्रिपदे काढून घेतली. झोपाळा वितळवून त्या चांदीच्या मोलात खरा पूल बांधावा आणि पूल होईपर्यंत तिघांनी माणसे खांद्यावर घेऊन नदीपार करावीत, असा निवाडा दिला. मग तो हैबतीला म्हणाला, "तुझी बहीण आम्ही परत देऊ शकत नाही."

"नाही," हैबती म्हणाला.

पाण्याचा थेंबही हलला नाही. मायाधराचा शाप सुटला होता.

पारूबाई लुगडे पिळत उठल्या. "थांबा, दार उघडू नका. आमच्या गावच्या विहिरीचं मला विचारायचंय." त्यांच्यामागे आणखी एक उठला, आणखी एक उठला. त्या दिवशी राजाला दुपारचे जेवण मिळाले नाही.

तीन मंत्र्यांनी माणसे वाहिली. पारूबाई तर बाजाराचे निमित्त काढून रोज येत-जात आणि वरून म्हणत, "अहो, जरा श्रद्धेनं चाला!" राजाने चिरे उचलले. पहिला चिरा त्याने वाकडा बसवला. गवंड्याने तो काढायला लावला, राजाने मुकाट्याने काढला.

पूल झाला. करवंदवाडीची लेकरे पळत त्यावर गेली, मागून बैल गेले, वाजत-गाजत एक वरात गेली. गाव म्हणाले, पुलाला तुळसाचे नाव देऊ. हैबती म्हणाला, "नाव कशाला? तिला नुसतं पलीकडे जायचं होतं. लोकांनी जावं."

सगळे पांगल्यावर तो पुलाच्या मध्यावर थांबला. खाली शीतला निवांत वाहत होती. "अक्के, उत्तर आलं बघ," तो म्हणाला, आणि कठड्याला कपाळ टेकून पोटभर रडला. मग त्याने तोंड पुसले. पलीकडे आईने चूल पेटवली होती. भाकरीचा वास वाऱ्यावर आला. कितीतरी दिवसांनी हैबतीला कडकडून भूक लागली, आणि तो भरभर घराकडे निघाला.