आठ मुशींची घंटा

फार जुनी गोष्ट. एका राज्यात देवळांच्या घंटा ओतणाऱ्या ओताऱ्यांचा कारखाना होता. मोठ्या घंटेला वितळलेल्या धातूच्या आठ मुशी लागत. आठ जणांनी त्या एकामागून एक साच्यात रिकाम्या करायच्या, तेही धार न तुटू देता. धार तुटली की घंटेत सांधा पडे आणि ती मुकी निघे.

म्हातारा मुख्य थकला, तेव्हा सगळ्यांत कसबी ओताऱ्याला मुख्य नेमलं. कारखान्याची रीत अशी, की ओतण्याच्या दिवशी मुख्याने मुशीला हात न लावता उंच ओट्यावर उभं राहायचं. नव्या मुख्याला ही नुसती मिजास वाटली.

"मी काय शोभेला उभा राहू?" म्हणत तो खाली उतरला. याच्या हातातली मूस घे, त्याला बाजूला सार, अशी त्याची धावपळ चालली. बाकीचे हाताची घडी घालून बघत राहिले. चौथ्या मुशीला धार तुटली.

राजा म्हणाला, "आणखी एकदा ओता. तीही मुकी निघाली, तर हे काम परमुलखातल्या ओताऱ्यांना देऊ." आठ घरांच्या चुली त्या कामावर पेटत होत्या.  मुख्य तडक म्हाताऱ्याकडे गेला.

म्हातारा म्हणाला, "बाबा रे, खाली उभ्या माणसाला आपलीच मूस दिसते. तुला आता आठ बघायच्यात. पण त्याआधी आठ माणसं बघ."

एवढ्या कसबी माणसाने हे निमूट ऐकलं, ही त्याची थोरवी. महिनाभर तो एकेकाशेजारी बसला. कोण सावकाश पण पक्का, कोण चपळ पण उतावळा, कुणाचं मनगट दुखतं, सारं विचारून घेतलं आणि तसा क्रम लावला.

ओतण्याच्या दिवशी तो ओट्यावर चढला. पाचवी मूस आणणारा वयस्कर ओतारी अडखळला. मुख्याचे हात शिवशिवले, पण त्याने जागा सोडली नाही.

"सहावी मूस आधी येऊ दे," तो शांतपणे म्हणाला. "दादा, जरा दम खा, मग या."

धार तुटली नाही. घंटेचा नाद तीन गावं ओलांडून गेला.

राजाने विचारलं, "यात तुझा हात कुठे लागला?"

"कुठेच नाही, महाराज."

"मग तू केलंस तरी काय?"

 मुख्याच्या आधी तो वयस्कर ओतारीच पुढे आला. "महाराज, मागच्या खेपेला सगळं यांनीच केलं होतं."

राजा हसला. राज्यातल्या साऱ्या घंटांचं काम त्याने त्याच कारखान्याला दिलं.

तात्पर्य: आपल्या हाताला आवर घालून इतरांच्या हातांना बळ देतो, तोच खरा मुख्य.